दादांचा फोल्डर

खराडीतल्या एका कंपनीत मी लोकांचा डेटा सांभाळतो. कुणाची फाइल उडाली की फोन मला येतो. मी शांतपणे म्हणतो, "घाबरू नका, कॉपी आहे." वीस-बावीस वर्षांत हे इतक्या वेळा म्हणून झालंय की समोरचा बोलायच्या आधीच तोंडातून निघतं. घरी मात्र एकदा हे म्हणायची वेळ आली आणि कॉपी नव्हती. फाइली उडवणाराही मीच होतो. ते मी कबूल केलं बारा वर्षांनी, तेही घरातलं नेटवर्क जोडायला बसलो म्हणून.

आमच्या वाघोलीच्या फ्लॅटमध्ये माणसं चार आणि कॉम्प्युटरही चार. बायको शाळेत शिकवते, तिचा लॅपटॉप विंडोजवाला. मुलगी डिझाइन शिकते, तिला मॅकच लागतो. माझा जुना डेस्कटॉप लिनक्सवर चालतो. आणि वडिलांचा, म्हणजे दादांचा. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात ते तपासनीस होते. निवृत्तीनंतर घेतलेला त्यांचा तो जाडजूड डबा आई गेल्यावर त्यांच्याबरोबरच आमच्याकडे राहायला आला.

चौघांत एकाची फाइल दुसऱ्याला हवी असली की घरभर पेन ड्राइव्ह शोधत फिरायचं. मुलगी शेजारच्या खोलीतून आईला फोटो मेल करायची. एकदा बायको म्हणाली, "अहो, एवढ्या मोठ्या कंपनीची कॉम्प्युटरं जोडता म्हणे तुम्ही. आपली चार जोडायला टेंडर काढायचं का?"

पुढच्या शनिवारी सकाळी मी बसलो. बेत साधा होता. माझ्या डेस्कटॉपला एक मोठी डिस्क लावायची, तिच्यावर 'घर' नावाचा फोल्डर करायचा, आत प्रत्येकाच्या नावाचा एकेक, आणि ते सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर दिसायला लावायचे. मॅकला पाच मिनिटांत दिसले. बायकोच्या लॅपटॉपला काही केल्या दिसेनात. तासभर पासवर्डशी झटल्यावर कळलं, की घरचं वायफाय पहिल्यांदा जोडताना तिने 'सार्वजनिक' असं निवडलं होतं, म्हणून लॅपटॉप कुणाला ओळखच देत नव्हता.

"म्हणजे तो समजतोय आपण हॉटेलात उतरलोय," मुलगी म्हणाली.

"हॉटेलात असते तर चहा आयता मिळाला असता," बायको म्हणाली आणि उठून चहा टाकायला गेली.

तिन्ही जोडले गेले तेव्हा मला खरंच बरं वाटलं. मी फार बोलणारा माणूस नाही. घरात माझ्या हातून झालेली कामंच माझ्या वतीने बोलतात, असं मी समजत आलोय. बायकोने स्वयंपाकघराच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवला आणि मुलीच्या खोलीतले सहलीचे फोटो तिथून बघितले. "ह्या फोटोत तू कुणाच्या खांद्यावर हात ठेवलायस गं?" तिने विचारलं. आतून उत्तर आलं, "बाबा, हे बंद कसं करायचं?"

राहिला दादांचा. त्यांचं विंडोज इतकं जुनं, की बाकीचे त्याच्याशी बोलायलाच तयार नव्हते. जुन्या पद्धतीत सुरक्षितता नाही म्हणून नवीन कॉम्प्युटर ती नाकारतात. उपाय एकच होता. सगळं पुसायचं आणि नवीन भरायचं.

हे मी मुलीला म्हणालो. दादा खिडकीपाशी पेपर वाचत बसले होते. त्यांनी पेपर खाली केला.

"पुसायच्या आधी आत काय आहे बघून घे," ते म्हणाले. "मागच्या वेळी डिस्क गेली होती."

टोमणा नव्हता तो. त्यांनी नुसती माहिती दिली होती. म्हणून जास्त लागलं.

मागच्या वेळचं सांगतो. निवृत्त झाल्यावर दादांनी खडकी बाजारातल्या एका क्लासमध्ये मराठी टायपिंग शिकून घेतलं. वर्गात सगळ्या अठरा-वीस वर्षांच्या मुली आणि मागच्या बाकावर हे. शिकल्यावर घरी रोज सकाळी दोन तास टाइप करत बसायचे. कारखान्याच्या क्वार्टर्समागच्या वस्तीत माझ्या आजोबांच्या पिढीने बुद्धविहार कसा बांधला, हे ते लिहीत होते. कुणी विटा दिल्या, कुणी रविवारचा ओव्हरटाइम सोडून गवंड्याच्या हाताखाली काम केलं, कुणी नुसतंच भाषण केलं. आई म्हणायची, "पुस्तक लिहितायत. मी त्यात आहे की नाही, ते सांगत नाहीत."

एकदा त्यांचा कॉम्प्युटर फार हळू चालायला लागला, म्हणून मी रविवारी गेलो. दादा आणि आई कुणाच्या तरी बारशाला निघाले होते. मलाही जायचं होतं; मी म्हणालो, तुम्ही व्हा पुढे, अर्ध्या तासात येतो. डिस्क उघडली तर एका फोल्डरमध्ये चाळीसेक विचित्र फाइली. नावं म्हणजे इंग्रजी अक्षरं, मध्येच टिंबं, मध्येच कंस, कशाला काही अर्थ नाही. एक घाईत नोटपॅडमध्ये उघडून पाहिली, तर आतही तोच कचरा, पानंच्या पानं. व्हायरस असा कचरा करून ठेवतो, हे मला ठाऊक होतं. मी फोटो तेवढे बाजूला काढले आणि बाकी सगळं पुसून नवीन विंडोज भरायला लावलं. बारशाला वेळेवर पोहोचलो. घुगऱ्याही खाल्ल्या.

तीन दिवसांनी दादांचा फोन आला. "माझं लिहिलेलं दिसत नाहीये."

मी म्हणालो, "डिस्क गेली होती दादा. बदलावी लागली."

तेव्हा मला खरोखर ठाऊक नव्हतं, की तो कचरा म्हणजेच त्यांचं लिखाण. कुठल्या तरी फाइली चुकून गेल्या असतील असं वाटलं, आणि 'चुकून' म्हणण्यापेक्षा 'डिस्क गेली' म्हणणं सोपं होतं. लोकांना डिस्कचा राग येत नाही.

"गेली तर गेली," दादा म्हणाले. पुन्हा त्यांनी टाइप केलं नाही. कॉम्प्युटरवर फोटो बघायचे, बस.

कळलं पाच महिन्यांनी. विहाराच्या कार्यक्रमाचं पत्रक छापायचं होतं. छापखानेवाल्याने मजकुराची फाइल तपासायला पाठवली, ती मी ऑफिसात उघडली. तीच इंग्रजी अक्षरं, तीच टिंबं, तेच कंस. मी त्याला फोन करून म्हणालो, तुमची फाइल खराब आहे. तो म्हणाला, "साहेब, फाइल बरीये. तुमच्याकडं मराठी फॉन्ट नाही. तो टाका, मग वाचा."

फॉन्ट टाकला. कचऱ्याचं मराठी झालं. पहिली ओळ 'सर्व उपासक-उपासिकांना कळविण्यात येते' अशी होती. दादांच्या त्या चाळीसेक फाइली आठवल्या. जुन्या मराठी फॉन्टचं तसंच असायचं. आत साठवायची ती इंग्रजी अक्षरं, वर मराठीचा मुखवटा. मुखवटा नसला की उघडी पडायची. दादांच्या कॉम्प्युटरवर फॉन्ट होता, पण मी फाइल उघडली नोटपॅडमध्ये, आणि तिथे मुखवटा आपोआप चढत नाही. दादांनी तर फाइलींची नावंही मराठीत समजून टाइप केली होती, आणि विंडोजला त्यात नुसता गोंधळ दिसत होता. मलाही. कॉम्प्युटरच्या शिक्षणावर घर चालवणाऱ्या मुलाला बापाचं मराठी व्हायरस वाटलं.

पण मला टोचत राहिलं ते हे नाही. त्या दिवशीसुद्धा वेळ गेलेली नव्हती. पुसलेल्या डिस्कमधून फाइली काढणं हे माझं रोजचं काम. कॉम्प्युटर ताबडतोब बंद करून डिस्क आणली असती, तर निम्म्याअर्ध्या सहज मिळाल्या असत्या. मग दादांनी विचारलं असतं, डिस्क तर बदलली होतीस ना? म्हणून मी गेलो नाही. चूक झाली होती घाईत. हे मात्र मी विचार करून केलं.

तर त्या शनिवारी दादा म्हणाले, मागच्या वेळी डिस्क गेली होती, आणि मुलगी उत्साहात आली. "आजोबा, गेलेल्या डिस्कमधूनही काढून देतात हल्ली. बाबा, ती जुनी डिस्क आहे कुठे?"

भंगारात दिली, हे उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. बारा वर्षं तयार होतं. ते म्हटलं असतं तर विषय चहाबरोबर संपला असता. दादांनी पेपर पुन्हा वर केला असता आणि कधी तरी, न कळताच, गेले असते. एक्क्याऐंशी पूर्ण आहेत त्यांना.

"ह्याच डब्यात आहे," मी म्हणालो. "ती गेली नव्हती. मी पुसली."

मग सगळं सांगितलं. बारसं, कचरा, छापखाना. नंतर कळूनही गप्प बसलो, तेही सांगितलं. बायको चहाचे कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात तशीच उभी राहिली होती. तिलाही हे ठाऊक नव्हतं.

दादांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांची चौकशी सुरू झाली, जशी ते कारखान्यात परत आलेल्या मालाची करत असतील.

"वाचून बघितलंस?"

"वाचता येत नव्हतं."

"मला विचारलंस?"

"तुम्ही पुढे गेला होतात."

"परत येणार होतो ना? बारसं होतं. काशीला नव्हतो गेलो."

मी पुढ्यातली वायर गुंडाळायला लागलो.

"आमच्याकडे माल निकामी ठरवायचा तर दोन सह्या लागायच्या," दादा म्हणाले. "एक फेकणाऱ्याची, एक तपासणाऱ्याची. तू दोन्ही एकट्याने केल्यास." मग बायकोकडे बघून, "चहा दे गं. गार होतोय."

एवढंच. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. कप ठेवून ते आपल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. दार लोटायची त्यांना सवय नाही. बायको मला म्हणाली, "आता बसू नका नुसते. शोधा त्यात काय सापडतंय ते."

मी डिस्क काढून माझ्या डेस्कटॉपला लावली आणि शोध चालू केला. दुपारी चारपर्यंत चालला. बारा वर्षांच्या फोटोंखाली बहुतेक सगळं कधीच गाडलं गेलं होतं. हाती लागली एकच फाइल. मुलीने जुना फॉन्ट शोधून टाकला, आणि मी दादांच्या दारावर टकटक केली.

ते आले, पुढे वाकून वाचायला लागले. 'नळ बघ. जल भर. नळ बघ. जल भर.' दोन पानं भरून तेच. क्लासमधला बोटांचा सराव.

बायकोने तोंडाला पदर लावला. मुलीला हसू आवरेना. दादा गंभीरपणे शेवटच्या ओळीपर्यंत गेले आणि म्हणाले, "ह्यात एकही चूक नाहीये बघ."

मग तेही हसले. हसता हसता म्हणाले, "गेलं ते एका अर्थी बरं झालं. त्यात मी दोन-तीन जणांची फार उणीदुणी काढली होती. आता नाहीत बिचारे."

मी विचारलं, "पुन्हा लिहाल?"

"बघू. आधी तुझं ते नेटवर्क मला समजावून सांग."

मी त्यांचा कॉम्प्युटर पुसला. या वेळी प्रत्येक फोल्डर त्यांच्यासमोर उघडून, 'हे काय? हे ठेवू?' विचारत. ते मान हलवल्यावरच पुढे. त्यावर हलकं लिनक्स टाकलं. मुलीने कीबोर्डची मांडणी त्यांच्या बोटांच्या सवयीची ठेवली, पण आता कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी दिसेल अशा अक्षरांत. रविवारी दुपारी दादांच्या पडद्यावर 'घर' उघडलं आणि आत त्यांच्या नावाचा रिकामा फोल्डर.

"ह्यात मी लिहिलेलं सगळ्यांना दिसणार?"

"तुम्ही ठरवाल तसं. कुणाला वाचायची परवानगी, कुणाला बदलायची, हे वेगवेगळं देता येतं. बदलायची दिली की पुसताही येतं."

दादांनी थोडा विचार केला. "सूनबाईला दोन्ही दे. शुद्धलेखन बघेल. नातीला दोन्ही, ती चित्रं घालेल."

"आणि मला?"

"तू वाच."

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी माझ्या हाताने, माझ्याच कॉम्प्युटरवर, माझ्या नावापुढे तशी खूण केली. डिस्क माझी, यंत्र माझं. मनात आणलं तर मिनिटभरात बदलता येईल. दादांनाही ते कळत असणार. तरी त्यांनी तपासून पाहिलं. मला माझ्या जागेवर बसवलं, फोल्डरमध्ये एक अक्षर लिहायला लावलं, आणि पडद्यावर नकार आल्यावर म्हणाले, "ठीक आहे."

सोमवारी सकाळी त्यांनी सुरुवात केली. आता आठवड्याला दोन-तीन पानं होतात. पहिल्यापेक्षा वेगळं लिहितायत असं ते सांगतात. मला ताडून बघायला पहिलं नाही, आणि हे मी आता कुणापासून लपवत नाही. आई तिसऱ्या पानावर येते, डोक्यावर विटांची पाटी घेऊन, गवंड्याशी भांडत.

कंपनीतून आलो की मी दादांचा फोल्डर उघडतो. कुठे एखाद्या शब्दाची वेलांटी चुकलेली असते, कुठे एकच माणूस दोन पानांवर दोन वेगवेगळी कामं करताना सापडतो. मला तिथे काही करता येत नाही. मग मी उठतो, त्यांच्या खोलीत जातो आणि सांगतो. काल म्हणालो, "दादा, विहाराच्या विहिरीला पाणी कधी लागलं ते दोनदा आलंय, आणि दोन्ही वेळा वेगळं."

"कुठलं बरोबर वाटतंय तुला?"

"दुसरं."

"का?"

मी त्यांच्या पलंगावर बसलो. का ते सांगायला लागलो. त्यांना पटलं नाही.