गॅरेजमधला माग

सुमंत खाडिलकर मूळचा इचलकरंजीचा. कॉलेजात टेक्स्टाइल शिकला, पण आयुष्य गेलं सांता क्लाराच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत. पन्नाशी उलटल्यावर नोकरी गेली, तेव्हा घरच्यांना वाटलं, हा आता खचणार. यानं मात्र बंद पडलेल्या एका गिरणीतला जुना, धोट्याचा माग फ्रीमाँटच्या आपल्या गॅरेजमध्ये आणून ठेवला.

"यावर डेनिम विणणार," तो बायकोला म्हणाला.

"आणि गाड्या?" अबोलीनं विचारलं.

"राहतील बाहेर. इथे पाऊस पडतोय कुठे!"

उन्हाळा मागाच्या खटपटीत गेला. अखेर एका दुपारी माग चालला. खटाखट आवाजानं भिंती हादरल्या आणि थोड्याच वेळात शेजारच्या मार्थाबाई दारात उभ्या राहिल्या. वय ऐंशीच्या घरात. तक्रारच असणार, म्हणून सुमंतनं घाईघाईनं माग थांबवला.

"बंद का केलास?" त्या म्हणाल्या. "माझी आई नॉर्थ कॅरोलायनात डेनिमच्या गिरणीत होती. शाळा सुटली की मी खिडकीखाली तिची वाट बघत बसायचे. हा आवाज त्यानंतर आज ऐकतेय."

सुमंतनं खुर्ची पुढे केली. माग पुन्हा सुरू झाला. उभे धागे निळीत रंगवलेले, आडवे पांढरे. कापड वीतभर सरकलं तशी मार्थाबाईंनी त्यावरून बोटं फिरवली.

"आम्ही घरात जीन्स नव्हतो म्हणत. डंगरीज म्हणायचो."

सुमंतला हसू फुटलं. "तो शब्द आमच्याकडचा! मुंबईत डोंगरी नावाची वस्ती आहे. तिथलं जाडंभरडं कापड, ते डुंगरी. बोटींवरून जगभर गेलं, नावही सोबत गेलं."

"आणि मी इतकी वर्षं समजत होते, तो आईचा शब्द!"

मग दर शनिवारी त्या येऊ लागल्या. धागा तुटला की त्या ओरडायच्या, सुमंत धावत जाऊन गाठ मारायचा. "बाबा, इट्स सो लाउड!" म्हणत इशिता कानांवर हेडफोन चढवायची, पुढे तीही बॉबिन भरायला बसू लागली.

हिवाळ्यात सुमंतला नवी नोकरी मिळाली. पण माग हलला नाही. पहिल्या धड कापडाची पँट अबोलीनं मार्थाबाईंसाठी शिवली आणि त्या ती चक्क चर्चला घालून गेल्या. सध्या इशिताला जॅकेट हवंय, निळं सूत कमी पडतंय, गाड्या बाहेर धूळ खाताहेत आणि सुमंत खुशीत आहे.