आईच्या बोटांसाठी आणलेलं मशीन

भांडी घासायचं मशीन आमच्या घरात आलं ते आईच्या बोटांमुळे. बाबा गेल्यावर ती कळंबच्या अलीकडे आमची वाडी आहे तिथे एकटीच राहायची. त्या हिवाळ्यात तिच्या दोन्ही हातांच्या बोटांना भेगा पडल्या आणि त्यांतून रक्त यायला लागलं. मी तिला वसईतल्या, एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या फ्लॅटवर घेऊन आलो. त्वचेच्या डॉक्टरांनी मलम लिहून दिलं आणि साबण-पाणी तीन महिने बंद म्हणून सांगितलं. आईने तिथल्या तिथे विचारलं, "मग भांडी?" डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मी बायकोकडे बघितलं. बायको कुठेच बघत नव्हती. पुढच्या आठवड्यात मशीन आलं.

आईला ते अजिबात पटलं नाही. तिचा मुख्य आक्षेप खरकट्यावर होता. सकाळच्या न्याहारीची ताटली आत ठेवायची, दुपारची कढई तिच्यावर, आणि सगळं भरलं की संध्याकाळी बटण दाबायचं. "म्हणजे दिवसभर खरकटं कपाटात कोंडून ठेवायचं?" ती म्हणाली. आम्ही कामावर गेलो की ती एकेक भांडं नळाखाली धुऊन मगच आत ठेवायची. मशीन आपलं स्वच्छ भांडी पुन्हा स्वच्छ करायचं. हे आमच्या लक्षात यायला दोन आठवडे गेले. तोवर मी मित्रांना सांगत होतो की मशीन फार उत्तम आहे.

तिचं चूक होतं असंही मला म्हणवत नाही. वाडीवर आमची भांडी विहिरीजवळच्या दगडावर घासली जायची. राख आणि नारळाची शेंडी. घासलेलं पाणी दगडावरून उतरून थेट केळीच्या आळ्यात जायचं, आणि त्याच केळीला इतरांपेक्षा मोठे घड लागायचे. मी शाळेतून आलो की आई त्या दगडाशी उकिडवी बसलेली असायची, शेजारी काकू, आणि दोघींच्या गप्पांना पितळेच्या पातेल्यांची साथ. घासून झालं की भांडी उन्हात पालथी घालायची. दुपारी ती इतकी तापायची की पाण्याचा तांब्या उचलताना हात भाजायचा. अजून कधी उन्हात राहिलेल्या स्टीलचा वास आला की मी मनाने तिथे जाऊन उभा राहतो. घासायला मात्र मी तेव्हाही बसलो नव्हतो.

बायको साताऱ्याची. तिच्याशी आई सांभाळून, पुस्तकातल्यासारखं बोलायची. माझ्यावर चिडली की मात्र आमच्या घरच्या बोलीत सुरू व्हायची, आणि ते मी इथे लिहिणार नाही.

मशीन आल्यावर दीड-दोन महिन्यांनी, एका शनिवारी सकाळी, त्याने तीन वेळा टिकटिक केली आणि नळाच्या चित्राचा लाल दिवा लावला. आत पाणी येईना. कंपनीच्या माणसाने फोनवर सांगितलं, बुधवारी येतो. सिंकमध्ये आदल्या रात्रीपासूनची भांडी साचलेली. आईने बाह्या सरसावल्या.

"आई, हात बघा आधी," बायको म्हणाली. बोटांवरच्या भेगा तेव्हा कुठे मिटायला लागल्या होत्या.

"हात बघत बसायला मी काय ज्योतिषी आहे?" आई म्हणाली. मग खुर्चीत बसून तिने शांतपणे निकाल दिला. "हे बघा, तुम्ही दोघं नोकरीला जाणार, परत येऊन भांडी घासणार आणि मी बसून बघणार, हे मला जमायचं नाही. मला घासू देत नसाल तर मी सोमवारी वाडीवर जाते. तिथे मला कोणी अडवत नाही."

तिने लगेच काकूला फोन करून कळवलंसुद्धा. तिथे गेली की ती पहिल्याच दिवशी विहिरीवर बसणार, भेगा पुन्हा उघडणार, आणि मग तिला परत आणणं माझ्याच्याने होणार नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी म्हणालो, "बुधवारची गरज नाही. उद्या संध्याकाळपर्यंत मी हे दुरुस्त करतो."

बायको म्हणाली, "अहो, मागच्या वेळी तुम्ही पंखा दुरुस्त केला होता."

"मग?"

"काही नाही. नवीन पंखा छान चालतो."

मी माहितीपुस्तिका काढली, स्क्रूड्रायव्हर काढला आणि ओट्याखाली आडवा झालो. आधी नळ. तो चालूच होता. मग पाण्याचा पाइप. तो मशीनमागे दुमडला होता, सरळ केला. पाइपाच्या तोंडाशी बारीक जाळी असते, ती सोसायटीच्या टँकरच्या कृपेने मातीने भरली होती. जुन्या टूथब्रशने घासली. दिवा लाल तो लालच. मग तळाची गाळणी काढली. तिच्यात मोहरी, कढीपत्त्याची देठं, एक चिंचोका आणि बायकोची हरवलेली टिकली निघाली. मग भांड्यांवर पाणी उडवणारे गोल फिरणारे हात सोडवले, त्यांच्या भोकांत अडकलेलं जिरं टूथपिकने एकेक करून काढलं. सगळं परत जोडलं तेव्हा एक स्क्रू शिल्लक राहिला. तो मी खिशात टाकला, कोणी बघितलं नाही असं समजून.

"तो खिशातला कुठला?" आई म्हणाली.

या वेळी मशीनमध्ये पाणी आलं, पण तान्हं मूल सू करतं इतकंच. अर्ध्या तासाने ते थकून थांबलं. आतले काचेचे ग्लास पांढरट झाले होते, आणि बोट फिरवलं की खरखरीत लागत होते.

रविवारी दुपारी मी जमिनीवरच बसून होतो. बायकोने सगळी भांडी घासून ओट्यावर पालथी घातली होती आणि माझ्याशी बोलणं बंद केलं होतं. आई खुर्ची ओढून मशीनसमोर आली. चष्मा लावला, आत वाकून बघितलं.

"पाणी येतं कुठून?"

मी पुस्तिकेतलं चित्र दाखवलं. नळ, पाइप, मग एक डबी, मग टाकी.

"डबी कसली?"

"मिठाची. आपलं पाणी जड आहे ना, बोअरिंगचं. मिठाने ते हलकं होतं."

"डबी उघडलीस?"

मी उघडली नव्हती. बिघाड शोधताना मी पाण्याच्या मागे न जाता हाताला लागेल ते खोलत होतो. वाडीवर एखाद्या वाफ्याला पाणी पोचलं नाही तर आई पाटाच्या कडेने उलट चालत जायची, विहिरीपर्यंत, आणि वाटेत जिथे पाणी तुंबलेलं दिसेल तिथे कुदळ मारायची. इथेही ती तशीच, बोटाने चित्रावरून उलट चालत, डबीपाशी येऊन थांबली.

मी तळाचं झाकण फिरवलं. आत चिखल होता. राखाडी, चकाकता, खाडीला ओहोटी लागल्यावर दिसतो तसला.

"हे मीठ कुठलं?" आईने विचारलं.

आता सांगणं भाग होतं. मशीनसोबत आलेलं मिठाचं पाकीट संपलं तेव्हा मला वाटलं होतं, आपण वसईचे, आपल्याकडे मिठागरं, आणि आपण मीठ दुकानातून पाकिटात विकत आणायचं? वाडीवर गेलो होतो तेव्हा गोठ्याच्या कोपऱ्यातल्या पोत्यातून जाड्या मिठाची एक पिशवी भरून आणली होती. चांगलं खडे मीठ, आपल्या घरचं. डबीत घालताना मला फार अभिमानही वाटला होता.

"गोठ्याच्या कोपऱ्यातलं?" आई म्हणाली.

"हो."

"अरे, ते माडाचं मीठ."

वाडीवर मिठाची दोन पोती असायची. स्वयंपाकघरातल्या पोत्यातलं आई धुऊन, वाळवून लोणच्याला घ्यायची. गोठ्यातलं मिठागराच्या तळाचं, मातीसकट खरवडलेलं, ते नारळाच्या मुळाशी घालायचं. हे आमच्याकडे चार वर्षांच्या पोरालाही कळतं. मी पन्नाशीचा होतो.

मग ती घरच्या बोलीत सुरू झाली. बायको आतल्या खोलीतून बाहेर आली आणि दारात उभी राहून ऐकू लागली. शब्द कळत नसले तरी आशय तिला पटत होता.

बोलून झाल्यावर आईने माझ्या मुलीची लहानपणची होळीची पिचकारी मागितली. "चमच्याने काढशील तर उद्या उजाडेल." मी पिचकारीने डबीतलं पाणी ओढायचं, बादलीत सोडायचं, वरून स्वच्छ पाणी ओतायचं, पुन्हा ओढायचं. आई बादलीकडे बघून सांगायची, "अजून गढूळ आहे." नऊ वेळा झालं. दहाव्या वेळी मी म्हणालो, आता स्वच्छ आलं. "तुझ्या डोळ्यांना," ती म्हणाली, आणि आणखी दोनदा करायला लावलं. मग बायकोने खाली दुकानात जाऊन मशीनसाठीचं मीठ आणलं. आईने ते चिमटीत घेऊन उजेडात बघितलं आणि मान डोलावली.

पहिल्यांदा रिकामं चालवलं. पाणी धो धो आलं. मग ते पांढरट झालेले ग्लास आत ठेवले. तासाभराने दार उघडलं तेव्हा आतून गरम वाफ आली आणि आईने चष्मा काढून पुसला. एक ग्लास तिने फडक्यात धरून बाहेर काढला, चटका लागत होता म्हणून या हातातून त्या हातात केला, मग गालाला लावून बघितला.

"उन्हातल्यासारखा तापलाय," ती म्हणाली.

त्यानंतर ती आमच्याकडे जवळजवळ चार वर्षं राहिली, शेवटपर्यंत. भेगा महिन्याभरात भरून आल्या. भांडी आत कशी लावायची, कढई कुठे, वाट्या कुठल्या बाजूला कलत्या, मीठ कधी घालायचं, सगळं तिने ठरवलं आणि आम्हाला हात लावू दिला नाही. मशीन तेच आहे, अजून चालतं. आता भांडी मी लावतो, आणि बायको ती काढून पुन्हा लावते.

त्या रविवारी संध्याकाळी आईने काकूला फोन केला. मी शेजारीच पिचकारी धूत होतो. "उद्या नाही येत गं," ती म्हणाली. "नाही, हात बरे आहेत. इथे मशीन आहे ना, त्याच्याकडे बघायला कोणी नाही." पलीकडून काकूने काहीतरी विचारलं. आईने माझ्याकडे एकदा बघितलं.

"तो? त्याला कुठलं मीठ ते कळत नाही अजून."