कमरेला खोचलेली सुपारी

आख्ख्या नाशकात माझ्या रूम पार्टनरइतका सराईत थापाड्या झाला नाही, आणि पुढे त्याच्याइतका खरं बोलून लोकांना हैराण करणारा माणूसही झाला नाही. ही दोन्ही माणसं एकच, यावर आमच्या जुन्या घरमालकीणबाई अजून विश्वास ठेवत नाहीत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या नाशिक रोडच्या खोलीत आम्ही राहायला आलो. मी देवळ्याचा, सरकारी कचेरीत कारकून. तो नांदगावचा, कारखान्यात तयार मालाची मापं तपासणारा. पाच वर्षं राहिलो. कसे राहिलो ते आजवर कुणाला सांगितलं नाही, म्हणून इथे सरळच लिहितो. नवरा-बायको राहतात तसे राहिलो.

हे झाकायचं सगळं काम त्याच्याकडे होतं आणि ते तो कारखान्याच्या काटेकोरपणाने करायचा. खोलीत गाद्या दोन होत्या. रोज सकाळी उठल्याउठल्या तो न वापरलेली गादी हाताने चुरगाळायचा, चादर पायाशी लोळवायचा, उशीत मूठ दाबून डोक्याएवढा खळगा पाडायचा आणि लांब उभा राहून, मान तिरकी करून बघायचा. मालकीणबाई दूध द्यायला यायच्या तेव्हा ती गादी इतकी झोपलेली दिसायची की त्या एकदा म्हणाल्या, ‘‘अहो, तुम्हाला झोप बरी लागत नाही का?’’ दोरीवर आमचे शर्ट शेजारीशेजारी कधी वाळले नाहीत, मध्ये एक चादर असायचीच. बाजारात तो माझ्या दहा पावलं मागून चालायचा. पाकिटात मामेबहिणीचा फोटो होता. तिचं लग्न होऊन दोन मुलं झाली तरी ती कारखान्यात याची ‘ठरलेली’ होती. मी यातलं काही केलं नाही. मी फक्त चुरगाळलेल्या गादीवर बसून चहा प्यायचो.

मग घरच्यांनी माझं ठरवलं आणि मी हो म्हणालो. जबरदस्ती कुणी केली नव्हती, हेही लिहायला हवं. मंगलाष्टकांच्या वेळी अंतरपाटाचं एक टोक धरायला माणूस कमी पडत होता, ते त्याने धरलं. हात जराही हलला नाही.

त्यानंतर वर्ष-दीड वर्षात त्याने थापा मारणं एकदम बंद केलं, लोक तंबाखू सोडतात तसं. आधी नांदगावला जाऊन वडिलांना सांगितलं. ते आठ महिने बोलले नाहीत, पण एसटीच्या कंडक्टरकडे बाजरीचं पीठ पाठवत राहिले. मग सवयच लागली. कुणाकडे जेवायला गेला की तो पथ्यपाणी सांगावं तसा सांगायचा, ‘‘कांदा चालतो, चहात साखर नको, आणि मुली सुचवू नका, मला पुरुष आवडतात.’’ गॅस सिलिंडरवाल्यालाही त्याने सांगितलं. त्या बिचाऱ्याने ‘कितने मेंबर’ एवढंच विचारलं होतं. तळमजल्यावरच्या काकू ऐकून म्हणाल्या, ‘‘असू द्या हो. आमच्या ह्यांना तर शुगर निघाली.’’ त्याची चालसुद्धा बदलली. भाजी बाजारात हा माणूस मोठ्याने गाणी म्हणत मिरच्या निवडायला लागला, पोपटी शर्ट घालायला लागला, स्कूटरच्या आरशाला मोगऱ्याचा गजरा लावायला लागला. कारखान्यात मात्र त्याच्या शेजारी डबा खायला कुणी बसेना. तो रोज जास्तीचा ठेचा नेऊन एकटा बसायचा. पहिला माणूस सात महिन्यांनी ठेच्यासाठी आला. हे त्याने मला हसत सांगितलं तेव्हा मी म्हणालो, ‘‘तुला सांगायला कुणी सांगितलं होतं?’’

दोन हजार सालानंतर त्याने छोटा फ्लॅट घेतला आणि सत्यनारायण ठरवला. आठवडाभर आधी माझ्या कचेरीत येऊन म्हणाला, ‘‘पाट दोन मांडतोय. बसायचं की नाही ते तू ठरव. मी नाव घेणार नाही.’’

मी बायकोला घेऊन गेलो. खोली शेजाऱ्यांनी भरलेली. गुरुजींना त्याने मुहूर्त काढतानाच सगळं सांगून टाकलं होतं, आणि गुरुजी व्यवहारी निघाले. ‘‘पोथीची काही हरकत दिसत नाही,’’ ते म्हणाले. ‘‘जोडीदार आहे की नाही तेवढं सांगा. असून हजर नसेल तर कमरेला सुपारी खोचावी लागेल.’’

त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ‘‘आहे,’’ म्हणाला. ‘‘पण यायला जमलं नाही.’’

रिकामा पाट माझ्यापासून दोन हातांवर होता. माझ्या हातात केळ्यांचं ताट. बायको कानाशी म्हणाली, ‘‘कोण हो तो? तुम्हाला माहीत असेल.’’

‘‘मला काय माहीत? असल्या लोकांच्या भानगडी मी विचारत नाही.’’

मी हळू बोललो असं मला वाटलं होतं. त्याने सुपारी कमरेला खोचली आणि पूजा सुरू केली. निघताना तीच सुपारी निर्माल्यासोबत माझ्या हातात देऊन म्हणाला, ‘‘तू पंचवटीत राहतोस, पुलावरूनच जाशील. गोदावरीत सोड. वहिनी, शिरा नेलात ना?’’

निर्माल्य सोडलं. सुपारी घरी आली आणि माझ्या दाढीच्या डब्यात राहिली.

अजून कधी कधी तो बाजारात भेटतो. सोबत कुणी असलं की माझी ओळख करून देतो, ‘‘हा माझा जुना रूम पार्टनर,’’ आणि तिथे थांबतो. सिलिंडरवाल्यालाही सगळं सांगणारा हा माणूस माझ्यापुरता अजून ती गादी चुरगाळतो आहे.

परवा डबा उघडला तर सुपारीला कीड लागलेली, तळाशी भुसा पडलेला. बायको पलीकडे मेथी निवडत होती.

‘‘त्या पूजेत तू विचारलं होतंस,’’ मी म्हणालो, ‘‘कोण हो तो, म्हणून.’’

‘‘कुठल्या पूजेत?’’ ती म्हणाली. मग तिचे हात मेथीतच थांबले.

सुपारी तिच्यासमोर ठेवली आणि मी तिथेच फरशीवर बसलो. बसायला मला सात वर्षं लागली.