माणसाला न लागणारा शब्द

नाव : बकारी शेम्वेटा. वय : अठ्ठावन्न. हुद्दा : स्वाहिली भाषेचे शिक्षक, पांगानी. सेवा : एकतीस वर्षे. वाचा व श्रवण : समाधानकारक. बाह्य स्वरूप : शाघालाबाघाला.

शेवटचा शब्द तपासनीस कोम्बा यांनी चौकटीत जागा पुरेना म्हणून बाहेरच्या समासापर्यंत ओढत नेला होता. त्याचा अर्थ इथलं शेंबडं पोरही सांगेल : गबाळं, विस्कटलेलं, कशाचा कशाला मेळ नसलेलं. ओहोटीला वाळूवर कलंडलेल्या होड्या शाघालाबाघाला. लग्नाच्या दुसऱ्या दिवशीचं घर शाघालाबाघाला.

मास्तरांच्या शर्टाची बटणं एक घर सोडून लागलेली असत, हे खरंच. त्यांच्या बायकोची, म्वानाहावाची, उजवी बाजू दोन वर्षांपूर्वी गेली. रोज पहाटे तिला न्हाऊ घालून, पेज भरवून झाली की ती डाव्या हाताने त्यांची बटणं लावी.

"रेहेमाचे बाबा, हलू नका. एवढं तरी करू द्या मला."

तोवर शाळेच्या घंटेला दहा मिनिटं उरत. ती सोडून पुन्हा लावायला मास्तरांना वेळ नसे. असता तरी त्यांनी ती लावली नसती.

शेरा कायम झाला की बदली ठरलेली; तीही आत डोंगरात, बसने दिवसभराच्या वाटेवर. निवृत्तीला दोन वर्षं होती. म्वानाहावाला हलवायचं नाही, असं डॉक्टरने बजावलं होतं.

मुख्याध्यापिका झैनाबूबाईंनी तोड काढली. "मास्तर, शब्दच चुकीचा आहे म्हणून हरकत घ्या. अहवाल परत जाईल, तोवर यंदाची बदल्यांची यादी बंद होईल. एवढंच बोलायचं आणि गप्प बसायचं. ते तुम्हाला जमत नाही, म्हणून मुद्दाम सांगते."

हरकतीच्या दिवशी मास्तर कोम्बांसमोर बसले. "साहेब, हा शब्द वस्तूंच्या पसाऱ्याचा. माणसाच्या विशेषणाला पुढे 'म' लागतो. याला लावून बघा बरं."

कोम्बांनी ओठांतल्या ओठांत लावून पाहिला आणि हसले. "नाही लागत हो."

"मग तो माणसाला कसा चालेल?"

"खरंय. खोडतो." त्यांनी खोडला. झैनाबूबाईंनी श्वास सोडला. "पण मास्तर," कोम्बा म्हणाले, आणि यात कावा काही नव्हता, शाळेत त्यांचं व्याकरण कच्चं होतं इतकंच, "मग इथे बरोबर शब्द कुठला?"

झैनाबूबाईंनी टेबलाखाली मास्तरांचा पाय दाबला. पण एकतीस वर्षं हाच प्रश्न कोणी ना कोणी विचारत आलं होतं, आणि मास्तरांनी तो एकदाही अनुत्तरित ठेवला नव्हता.

"म्चाफू," ते म्हणाले. "म्हणजे घाणेरडा. बघा, 'म' पुढे आहे."

कोम्बांनी लिहिलं. चौकटीत नीट मावलं.

"अहो मास्तर!" बाहेर आल्यावर झैनाबूबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या. "स्वतःच्या तोंडाने?"

"विचारलं त्यांनी," मास्तर म्हणाले आणि पायरीवरच बसले. "आणि कोम्बा तर शागालाबागाला म्हणतात. घशातला 'घ' सुद्धा येत नाही त्यांना."

"तुमचं घर बुडतंय आणि तुम्ही 'घ' काय धरून बसलात!"

 

हुकूम तीन आठवड्यांनी आला : सुधारित शेऱ्यास अनुसरून सदर कर्मचाऱ्याने येत्या सोमवारी सकाळी आठ वाजता सहकुटुंब नव्या जागी हजर व्हावे.

म्वानाहावाला पलंगावरून एकटीला उठता येत नाही.