हरण्यासाठी पहिला नंबर

पायजमा, टोपी आणि खांद्यावर उपरणं अशा थाटात रॉक बँडमध्ये गाणारा माणूस साऱ्या पृथ्वीतलावर एकच असणार, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. काष्टी गावात त्यांना लहानथोर सगळेच दाजी म्हणतात. चौकशी हा त्यांचा जन्मजात आजार. त्यांच्या पुतण्याने बँड काढायला इलेक्ट्रिक गिटार आणली, तेव्हा तारा कुठे मिळतात, पाऊस आला तर शॉक बसतो का, असं त्यांनी दोन तास विचारलं आणि तिसऱ्या तासाला ते बँडमध्ये होते. आत काय असतं ते बघायला त्यांनी एक ड्रमही फोडला. पेरणीच्या अवजारावरून बँडचं नाव 'पाभर' ठेवलं तेही त्यांनीच.

सुराशी वैर असलेल्या या माणसाचं गाणं गाजलं कसं, याचं मला भारी कुतूहल होतं. मग उलगडा झाला. ट्रॅक्टर आल्यावर दाजींनी हरण्या नावाचा बैल बाजारात विकला होता. नांगर थांबवायला त्याला जी लांबलचक हाळी द्यायचे, ती मात्र गळ्यात तशीच राहिली. एकदा तालमीत ती निसटली, पुतण्याने तिच्यामागे गिटार लावली आणि धृपद तयार झालं. मोबाईलवरच्या गाण्यांच्या यादीत ते चढत चढत पहिलं आलं. वरातींतून वाजू लागलं. पण आपल्याकडे सगळेच थोड्याफार फरकाने तशीच हाळी देतात, त्यामुळे वरातीतली पोरं नाचायची आणि शेजारच्या रानातले बैल नांगरट सोडून उभे राहायचे. शेतकरी फोन करून दाजींना झापायचे. दाजी मन लावून ऐकायचे आणि उलट बैलाचीच चौकशी करायचे.

रोज सकाळी चष्मा लावून ते यादीतला नंबर बघत. मला वाटलं, कीर्ती डोक्यात गेली. तसं बोलूनही दाखवलं, तर म्हणाले, "हरण्या कुटं गेला, व्यापाऱ्याला बी ठावं न्हाई. पैल्या नंबरचं गानं गावोगाव वाजतंय. त्याच्या कानावर येकदा पडू दे, मंग खाली गेलं तरी चालंल."

एके दिवशी मी तिथे असतानाच तिसगावकडच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. त्याचं म्हणणं, बाकीचे बैल नुसते थांबतात, पण यंदा घेतलेला त्याचा बैल मागे वळून रस्त्याकडे बघतो आणि गाणं संपल्यावरही हलत नाही. दाजींनी रंग विचारला, मग उजव्या शिंगाचं टोक मोडलंय का ते विचारलं. मोडलेलं होतं. दाजी ओट्यावर बसले.

"मालक," ते हळूच म्हणाले, "त्याच्यासमोर ते वाजू देऊ नगा. त्याला वाटतं, मी आलो."

जाऊन भेटून या, असं मी सुचवलं.

"आन निघताना काय सांगू त्याला?"

 पुढे गाणं यादीत खाली गेलं. मीच ते सांगितलं; दाजींनी नंबर बघणं केव्हाच सोडलं होतं. कार्यक्रमात ते अजून गातात. फक्त धृपद आलं की माइक पुतण्याच्या हातात देतात.