न दिसलेलं ग्रहण

वेधशाळेतली मंडळी त्यांना पाठीमागे ग्रहणकाका म्हणत. ते त्यांच्या कानावर होतं, आणि मनातून आवडायचंही. काकांना आजची तारीख विचारली तर ते खिसे चाचपत बसत. पण अडीच हजार वर्षांपूर्वी कुठल्या गावावरून सूर्य किती झाकलेला दिसला, हे झोपेतून उठवून विचारलं तरी बिनचूक सांगत. असा माणूस संसाराच्या किती कामाचा, ते त्यांच्या बायकोलाच ठाऊक. दूध आणायला पाठवलेला नवरा रिकामं भांडं हलवत परत आला, तरी ती हसायची.

ही सोयरीक तिच्या थोरल्या भावाने जुळवली होती. दादा आणि काका कॉलेजपासूनचे जिवलग. एकाने आकाश धरलं, दुसऱ्याने माती. संग्रहालयात दादा जुन्या लिपी वाचायचा: ओल्या मातीच्या पाटीवर काडीने टोचलेली, मग वाळून दगड झालेली अक्षरं. त्याने वाचायचं, काकांनी गणित करायचं आणि दोघांनी मिळून विसरल्या गेलेल्या राजांना त्यांची सालं परत द्यायची, असा बेत होता. जेवणाच्या टेबलावर कागद पसरून दोघे तासन्‌तास भांडत. "तुमचे राजे उचला आता, मला ताटं मांडायचीत," असं ती ओरडली की तेवढ्यापुरती राज्यं खालसा व्हायची.

मग कोपरा तुटलेली एक पाटी आली. अमुक राजाच्या नवव्या वर्षी सूर्यग्रहण, एवढं तिच्यावर स्वच्छ होतं. पुढची ओळ अर्ध्यातच तुटलेली. काकांनी गणित मांडलं आणि खुर्चीतून उठलेच. त्या राजाच्या शहरातून दिसू शकेल असं एकच ग्रहण तिथे बसत होतं. ग्रहणाचं साल ठरलं की त्या राजाचं ठरलं, आणि मागच्यापुढच्या सगळ्या राजांची माळ त्या एका खिळ्याला टांगता येत होती.

दादा मात्र भिंग खाली ठेवेना.

"अरे, या तुटक्या कडेला काडीचा एक टोचा आहे. तो 'नाही'चा असणार. ते लोक ग्रहणाचं गणित आधीच करून ठेवायचे. मग आकाशाकडे बघत बसायचे, आणि नाही दिसलं तर तसं लिहायचे. हे त्यांना दिसलंच नसेल, तर तुझं साल कशावर उभं राहणार?"

"टोचा कसला, ओरखडा आहे तो," काका म्हणाले.

शब्दाने शब्द वाढला. पुढे एका परिषदेत, भरल्या सभागृहात, काका बोलून गेले, "आमच्या मेहुण्यांना मातीत जे दिसतं, ते बरेचदा त्यांच्या चष्म्यावर असतं." सगळे हसले. काकाही हसले. हुशार माणसाचा उर्मटपणा लोक त्याच्या ज्ञानातच जमा धरतात, हीच तर गंमत आहे. दादा उठून गेला तो गेलाच. संग्रहालय सोडून त्याने दुसऱ्या गावी फोटोफ्रेमचं दुकान टाकलं. दोघांतून विस्तव जाईना. काकांचं साल पाठ्यपुस्तकांत गेलं. बायको एकटीच भावाकडे जाऊन यायची, आणि परत आली की त्याचं नाव काढायची नाही.

काका निवृत्त झाले, डोक्याचं चांदणं झालं, आणि तेव्हा कुठे परक्या देशातल्या एका संग्रहालयाच्या तळघरात तो तुटलेला कोपरा सापडला. तिथल्या बाईंनी फोटो पाठवला, खाली वाचनही लिहिलं. कडेला कड नेमकी बसत होती. 'वाट पाहिली. दिसलं नाही.'

काकांत शंभर दोष असतील, पण लबाडी नव्हती. आपलं साल चुकलं, हे त्यांनी लगेच छापून टाकलं. तरुण मंडळींनी त्यांच्या मोठ्या मनाची वाहवा केली.

"जगाला सांगितलंत. दादाला?" बायकोने विचारलं.

"पत्र लिहितो ना."

"पत्र नको. हसला होतात तोंडाने, सांगायचंही तोंडानेच. आणि लवकर चला. तो आता थकलाय."

दुकान बोळाच्या टोकाला होतं. आत लाकडाचा भुसा आणि सरसाचा वास. दादा वाळून काडी झाला होता. त्याने बहिणीला बसायला स्टूल दिलं आणि काकांकडे बघत उभा राहिला. वाटेत काकांनी पुष्कळ शब्द जुळवले होते. त्यांतला एकही आठवेना. त्यांनी फोटो पुढे केला.

"तू बरोबर होतास. तो 'नाही'च होता. माझं चुकलं रे."

दादा शिव्या देईल, हाकलून देईल, याची त्यांनी तयारी केली होती. दादा नुसताच म्हणाला, "म्हणजे तो टोचाच होता?"

"हो."

"मला वाटलं, याचं गणित चुकायचं नाही. मग माझेच डोळे खोटं वाचतात. असल्या डोळ्यांनी दुसऱ्या पाट्या कशा वाचायच्या? म्हणून सोडलं मी."

"माझ्यावर रागावून नाही?"

"तुझ्यावर कशाला रागावू? तुझं खरं मानलं होतं मी."

बायकोने तोंडाला पदर लावला. इतकी वर्षं ती येत होती, पण हे त्याने तिलाही सांगितलं नव्हतं. काका खाली, भुशातच बसले.

दादाही गुडघे धरत शेजारी बसला. त्याने फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, फिरवून पाहिला.

"विसरलो रे सगळं," तो म्हणाला. "यातलं 'नाही' कुठलं? दाखव ना."

काकांनी बोट पुढे केलं आणि ते फोटोवर तसंच फिरत राहिलं. वाचायचं काम कायम दादाचं होतं. त्या लिपीतलं एक अक्षरही काकांना कधी येत नव्हतं.