चौकोनांचं पत्र

देवरामभाऊ फिटर आमच्या मानपाड्याच्या रंगाच्या कारखान्यात. पायाला नुसती भिंगरी! "बसा की जरा," म्हटलं तर म्हणायचे, "रतनताई, बसलं की गंज चढतो."

चौऱ्याऐंशी साली जपानहून कुराता नावाचे मेकॅनिक मशीन बसवायला आले, सहा महिने राहिले. देवरामभाऊंना जपानी येईना, कुरातांना मराठी. त्यात मशीनची घरघर. मग दोघं पान्याने पाइपावर टोले द्यायचे. एक टोला म्हणजे व्हॉल्व्ह उघड, दोन म्हणजे बंद, तीन म्हणजे चल, चहा घेऊ. पुढे दर नव्या वर्षाला कुरातांचं कार्ड यायचं आणि देवरामभाऊ ते कारखानाभर दाखवत हिंडायचे.

अठ्ठ्याण्णव साली देवरामभाऊंसाठी कुरातांचा ईमेल आला, आमच्या ऑफिसात. नाव तेवढं इंग्रजीत, बाकी सगळे चौकोन आणि वेडीवाकडी चिन्हं.

"कचरा आलाय हो," मी टाइप करता करताच म्हटलं. "आपलं विंडोज इंग्रजी. त्याला जपानी कळत नाही."

"मग जपानी टाक ना!" देवरामभाऊ म्हणाले.

शेठ उखडले. "एका पत्रासाठी अख्खा कॉम्प्युटर पुसून नवं विंडोज टाकू? सगळ्या ऑर्डरी त्यात आहेत."

झालं! दर तासाला देवरामभाऊ दारात हजर. "काही कळलं?"

"अहो, मी काय देवऋषी आहे?" मी ओरडलेच एकदा.

ते गेले नाहीत. "चौदा वर्षांत कार्डाशिवाय एक ओळ नाही त्याची. काहीतरी झालंय, ताई."

मग मलाच चैन पडेना. पत्र फ्लॉपीवर घेतलं. कल्याणच्या एका कॉम्प्युटर क्लासात विंडोजऐवजी लिनक्स होतं, तिथे आम्ही दोघं गेलो. चौकोन गेले, प्रश्नचिन्हं आली. असे बारा दिवस गेले. शेवटी ठाण्यात जपानी शिकवणारे प्रभाकर सर सापडले. त्यांच्या घरी जपानी विंडोज. फाइल उघडली आणि अक्षरं सरळ उभी राहिली.

सरांनी हळूच वाचलं. "घशाचा कॅन्सर आहे. बारा तारखेला ऑपरेशन, मग माझा आवाज राहणार नाही. त्याआधी एकदा फोन कर." खाली हॉस्पिटलातल्या खोलीचा नंबर.

त्या दिवशी सोळा तारीख होती.

नंबर मी ओळखला. हे आकडे आमच्या कॉम्प्युटरवरही जसेच्या तसे दिसत होते, पहिल्या दिवसापासून. मीच कचरा म्हणाले आणि कुणी नीट बघितलंच नाही. देवरामभाऊंच्या तोंडाकडे बघवेना.

समोरच्या एसटीडी बूथवरून सरांनी फोन लावला, कुरातांच्या मुलीशी जपानीत बोलले. "हॉस्पिटलातच आहेत ते. ती रिसीव्हर त्यांच्या कानाला लावतेय. बोला."

"कुरातासान, मी देवराम. उशीर झाला रे, माफ कर," भाऊ मराठीतच म्हणाले आणि रडायला लागले.

 पलीकडून टक, टक, टक. रिसीव्हरबाहेर मलाही ऐकू आलं.

देवरामभाऊंनी खिशातली किल्ली काढली, रिसीव्हरवर तीनदा वाजवली आणि बूथमधल्या स्टुलावर बसले.